गॅस गळतो का, पाहू या

गावोगावी आता चुलीशेजारी गॅसची शेगडी आली. धुराचा त्रास कमी झाला. पण गॅस गळला, तर घर पेटते आणि माणसे होरपळतात. म्हणून गळती ओळखायला आपण शिकले पाहिजे.

घरच्या मोठ्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. दाब देऊन, पातळ करून तो भरतात. या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साठतो. म्हणून नुसती खिडकी उघडून भागत नाही. दारही सताड उघडावे.

काही जण काडी ओढून गळती शोधतात. असे कधी करू नये बरे! गळती सापडेल, पण घर जाईल.

मग तपासावे कसे? साबणाचे पाणी पुरे. प्रयोगशाळेतही वायूच्या नळ्यांचे सांधे असेच तपासतात.

१. चूल, दिवा, उदबत्ती विझवावी. दारे-खिडक्या उघडाव्या.

२. शेगडीची बटणे बंद ठेवून रेग्युलेटर चालू करावा.

३. वाटीभर पाण्यात साबणाचा फेस करावा. फडक्याने तो रेग्युलेटरच्या सांध्याला, सबंध नळीला आणि नळीच्या शेगडीकडच्या टोकाला लावावा.

४. नीट पाहावे. बुडबुडे फुगू लागले, तर तिथेच गॅस गळतो आहे. रेग्युलेटर लगेच बंद करावा. गॅसवाल्याला बोलवावे.

भेगाळलेल्या नळीला चिंधी बांधून काम चालवू नये. नळी बदलावी. चांगल्या नळीवर ती बनवल्याचे साल छापलेले असते. ५ वर्षे झाली, की नवी घ्यावी. आता आपल्याला वाचता येते. ते साल आपणच वाचू या.

घरात आधीच उग्र वास सुटला असेल, तर तपासत बसू नये. विस्तव विझवावा. रेग्युलेटर बंद करावा. विजेचे बटण लावू नये, बंदही करू नये. बटणाच्या ठिणगीने गॅस पेटतो. मुलाबाळांना घेऊन बाहेर पडावे. घरापासून दूर जाऊन मग १९०६ या नंबरावर फोन करावा. हा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवू या.

सांगा पाहू :

१. दार का उघडायचे?

२. बुडबुडे काय सांगतात?

३. तुमच्या नळीवर कोणते साल आहे?