चाकणची पोलो: जोर वाढला, मायलेज घटलं?

प्रश्न: जुनी डिझेल पोलो घ्यायची आहे. रोजची ये-जा चिंचवड ते चाकण. २०१४ नंतरच्या गाडीला पिकअप छान, पण ती डिझेल जास्त पिते, असं मालक सांगतात. खरं काय?

उत्तर: दोन्ही खरं आहे. चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत बनणाऱ्या पोलोचं रूप २०१४ मध्ये बदललं आणि तीन सिलिंडरच्या १.२ लिटर डिझेल इंजिनाऐवजी चार सिलिंडरचं १.५ लिटर आलं. ताकद ७५ वरून ९० पीएसवर गेली. प्रमाणित मायलेज मात्र २२.०७ वरून २०.१४ किलोमीटरवर उतरलं.

महिन्याला हजार किलोमीटर धरले, तर या आकड्यांनुसार फरक साधारण सव्वाचार लिटरचा.

पण हे आकडे प्रयोगशाळेतल्या रोलरवरचे. तिथे मोशीची कोंडी नसते, तळेगाव चौकातला सिग्नल नसतो. खरी गंमत टॉर्कमध्ये आहे. जुन्या इंजिनाचा १८० न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमला मिळे. नव्याचा २३० तर १५०० पासूनच. म्हणजे रांगत्या वाहतुकीत गिअर कमी बदलावे लागतात. जुन्या गाडीला तिथे सारखं रेटावं लागतं आणि कागदावरची बचत विरते. म्हणून या मार्गासाठी १.५ च घ्यावी.

मायलेजची चाचणी टाकी फुल ते टाकी फुल अशीच करावी, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये. शिवाय २०१५ मध्ये उत्सर्जनाच्या प्रश्नावरून पोलो बनवणाऱ्या फोक्सवॅगन समूहाने भारतात सुमारे सव्वातीन लाख डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. हाती येणारी गाडी त्यातली होती का आणि दुरुस्ती झाली का, हे सर्व्हिसच्या नोंदीत आधी बघावं.