वस्तीचा कचरा आणि गावाचा निधी

शिरूर व दौंड तालुक्यांत गावठाणापासून दूर, माळावर किंवा नदीकाठी फासेपारधी आणि भिल्ल समाजाच्या वस्त्या आहेत. त्यांतील काही कुटुंबे भंगार वेचून पोट भरतात. तेथून येणाऱ्या रुग्णांमध्ये मला त्याच त्या तक्रारी आढळतात : पत्र्याने कापलेला पाय, लहान मुलांचा खोकला, पावसाळ्यातील ताप. औषधाने रुग्ण बरा होतो, पण आजाराचे कारण दाराशीच पडून राहते.

हे आजार होतात कसे? टायर, डबे, करवंट्या यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. तांबे काढण्यासाठी वायर जाळली की तिच्या प्लास्टिकचा विषारी धूर घरातील मुलांच्या छातीत जातो. गंजका पत्रा लागला की धनुर्वाताचा धोका असतो.

यावर घरच्या घरी पुढील काळजी घ्यावी :

१) आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत. टायर झाकून किंवा भोके पाडून ठेवावेत.
२) वायर, प्लास्टिक जाळू नये. वायर सोलून तांबे काढावे.
३) भंगार वेचताना बूट व जाड हातमोजे वापरावेत. जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी.
४) रसायनाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी त्यात पिण्याचे पाणी भरू नये.

परंतु कचरा उचलणे हे एकट्या कुटुंबाचे काम नव्हे. त्यासाठी सरकारने निधी ठरविला आहे. 2020 मध्ये मंजूर झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत, तर मोठ्या गावाला 45 रुपयांपर्यंत निधी ठरला. त्यातील 30 टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या अनुदानातून घालायचा होता. प्लास्टिक कचरा प्रक्रिया केंद्रासाठी तालुक्याला 16 लाखांपर्यंत तरतूद होती.

वाचकहो, यातील 'माणशी' हा शब्द महत्त्वाचा आहे. 3000 लोकसंख्येच्या गावाचा निधी 1 लाख 80 हजार होतो. त्या गावात 300 लोकांची वस्ती असेल, तर त्यातील 18 हजार रुपये वस्तीच्या डोक्यांवर मोजलेले असतात. मग घंटागाडी गावठाणातूनच माघारी का फिरावी?

पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र आंबेगाव व जुन्नर तालुक्यांतील गावांपुरते आहे. तेथील ग्रामपंचायतींना 2015 पासून मिळू लागलेला आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के थेट निधी शिरूर-दौंडच्या वस्त्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून आपल्याकडे ग्रामसभेला अधिक महत्त्व आहे. वस्तीतील स्त्री-पुरुषांनी ग्रामसभेस हजर राहून वस्तीचे नाव गाव विकास आराखड्यात लेखी घालून घ्यावे. घंटागाडी, कचराकुंडी व शोषखड्डा या तीन गोष्टी मागाव्यात. गाडीला रस्ताच नसेल, तर ठक्कर बाप्पा वस्ती सुधारणा योजनेतून तो मागता येतो. त्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे पाठपुरावा करावा.

गावकऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावे. वस्तीत वाढलेला डास गावठाणाची वेस ओळखत नाही.