हवेचे माप

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असते. धावेमुळे चाक लवकर झिजत नाही; परंतु रस्त्यावरील प्रत्येक खड्डा गाडीत बसलेल्याच्या हाडांना जाणवतो. बेलफास्ट शहरात राहणारे पशुवैद्य जॉन बॉयड डनलॉप यांच्या मुलाची तीनचाकी सायकलही अशीच खडखडत असे. डनलॉप यांनी तिच्या चाकांवर हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या आणि सायकल सुरळीत धावू लागली. १८८८ साली त्यांनी या टायरचे पेटंट घेतले. पुढे मोटारसायकलही हवेवर धावू लागली.

हवा दिसत नाही, म्हणून तिचे महत्त्व कमी नाही. मोटारसायकलच्या मागील चाकावर १०० किलो भार आहे आणि टायरमधील दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो आहे, असे समजा. मग टायरचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे जवळजवळ एका मुलाच्या तळहाताएवढा! पुढील चाकाचाही असाच एक तळहात. पावसात ब्रेक दाबताना किंवा वळण घेताना गाडी आणि तिच्यावरील माणसे या दोन तळहातांच्या आधारानेच सावरली जातात.

हवा कमी असेल, तर टायरच्या बाजू सतत दबतात, टायर तापतो, पेट्रोल अधिक लागते आणि गाडी वळवणे जड जाते. अति तापलेला टायर वाटेत फुटण्याचे भय असते. हवा फाजील झाली, तर टेकणारा भाग लहान होतो, टायर मध्यभागी झिजतो आणि गाडी उसळते.

मग योग्य दाब कोणता? तो गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. पुष्कळ गाड्यांवर त्याची चिठ्ठीही चिकटवलेली असते. तो बहुधा दर चौरस इंचाला अमुक पौंड असा सांगतात. समजा, एकट्या चालकासाठी पुढील चाकात २५ व मागील चाकात २८ पौंड सांगितले आहेत. मागे दुसरा माणूस बसला किंवा दूधवाल्याने भरलेल्या किटल्या अडकवल्या, की मागील चाकावरचा भार वाढतो. म्हणून त्यासाठी अधिक दाबाचा वेगळा आकडा दिलेला असतो. मात्र ठरलेल्या मर्यादेपलीकडचे ओझे हवा वाढवूनही पेलता येत नाही.

दाब टायर थंड असतानाच मोजावा. धावल्याने टायर तापतो, आतील हवा प्रसरण पावू पाहते आणि आकडा काही पौंडांनी चढतो. तो पाहून कोणी हवा सोडली, तर टायर निवल्यावर ती कमी पडते. अंगठ्याने दाबून किंवा पायाने ठोकरून दाब कळत नाही. त्यासाठी मापकच हवा.

मुलांचे वय गाडी चालवण्याचे नसते; पण वडील प्रवासाला निघण्यापूर्वी “हवा मोजली का?” असे विचारण्यास वयाची अट नाही. अंदाज चुकतो, माप चुकू देत नाही.

स्वाध्याय
१. टायर तापलेला असताना हवा का सोडू नये?
२. ओझे वाढले असता मागील चाकात हवा अधिक का लागते?
३. ‘दोन तळहातांचा आधार’ म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत लिहा.