पेलेटच्या डबीचा हिशेब

कोल्हापूर, गुरुवार

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

आक्काचा फोन आला होता. पोरीचा निम्मा पगार रायफल खाते, तूच तिला नादाला लावलंस, आता तूच सांग, असं तिचं म्हणणं. निम्मा म्हणजे किती, असं विचारलं तर आक्काला सांगता यायचं नाही, पण मागच्या रविवारी डबी महागली म्हणून तूही कुरकुरत होतीस. म्हणून लिहायला बसलो. नेमबाजी सोड, असं मात्र मी सांगणार नाही. ज्या गावच्या दुधाळी रेंजवर सराव करून तेजस्विनी सावंतांनी २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक अजिंक्यपद घेतलं, त्या गावात राहून असा सल्ला द्यायला माझी जीभ रेटत नाही.

आधी डबी बघू. एका डबीत ५०० पेलेट. एअर रायफलची मॅच ६० शॉटची, वर आधी नेम जुळवायचे पंधराएक सायटर धर. म्हणजे एक डबी साडेसहा मॅचला पुरायला हवी. तुझी तिसऱ्या रविवारी संपते, कारण तू एका बैठकीत दीडशे-पावणेदोनशे उडवतेस. गगनबावड्याहून पंचावन्न किलोमीटर एसटीत हेलपाटत यायचं, मग आलोच आहोत तर चार सिरीज जास्त मारू, हे मला समजतं. पण तुझी कार्डं मी बघतो. पहिल्या पन्नास-साठ शॉटांचं ग्रुपिंग घट्ट असतं. पुढे डावा हात सैल पडतो, ग्रुप खाली उतरायला लागतो आणि शेवटच्या शंभरात तर तू नुसती भरतेस आणि सोडतेस. दर रविवारी पैसे जातात ते त्या शंभरात. शिवाय दमलेल्या अंगाने चुकीचा ट्रिगर ओढायची सवय लागते, ती मोडायला पुढे आणखी पेलेट लागतात. तेव्हा एवढं ठरव: लागोपाठ दोन सिरीज घसरल्या की रायफल पेटीत. बसची वेळ व्हायची असेल तर इतरांची मॅच बघत बस.

बाकीचा सराव घरी, बिनखर्चाचा. तुझ्या सिलिंडरवर चालणाऱ्या पीसीपी रायफलीला ड्राय फायरची, म्हणजे बिनपेलेट ट्रिगर ओढायची, सोय आहे. ट्रिगर नेहमीसारखाच सुटतो, हवा मात्र सुटत नाही. एअर रायफलच्या टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा असतो आणि आपण तो १० मीटरवरून बघतो. तुझ्या खोलीत ५ मीटर मिळत असतील तर सव्वापंधरा मिलिमीटरचा काळा ठिपका पांढऱ्या कागदावर काढून नेमक्या उंचीवर चिकटव. फोरसाइटच्या रिंगमध्ये तो रेंजवरच्या इतकाच दिसेल. रोज वीस मिनिटं पुरेत. निम्मा वेळ नुसतं होल्डिंग: रायफल उचलायची, चित्र स्थिर झालं की बघायचं, ट्रिगरला हात न लावता खाली ठेवायची. उरलेल्या वेळात ट्रिगर. तो सुटल्यावरही डोळा रिंगमधून काढायचा नाही. ठिपका कुठे सरकला ते बघायचं आणि वहीत लिहायचं. शॉट कुठे गेला असता हे तुझं तुलाच कळायला लागेल. रेंजवर शॉट सुटल्या सुटल्या तू मान वर करतेस, ती खोडही इथेच जाईल. बसण्यापूर्वी ब्रीच उघडून डोळ्यांनी खात्री कर, आणि पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत ठेव. यात सूट नाही.

तुझ्या बँकेतल्या त्या शिपायाच्या पोराला मात्र हे जसंच्या तसं शिकवू नकोस. त्याची रायफल नळी मोडून भरायची, स्प्रिंगची आहे. पुढे पेलेट नसताना ती उडवली तर पिस्टनला अडवायला हवेची गादी राहत नाही, तो थेट आदळतो आणि सील जातं. त्याने फक्त होल्डिंग करावं.

आता पेलेट. रविवारच्या सरावाला मॅच ग्रेडची महागडी डबी फोडायची गरज नाही, हे तुला पटलेलं दिसतं. पण म्हणून तू बाजारातून टोकदार पेलेट उचलून आणलेस, तेही बरोबर नाही. टार्गेटला चपट्या तोंडाचेच हवेत, कारण तेच कार्डाला गोल, स्वच्छ भोक पाडतात. टोकदार पेलेट कागद फाडतो आणि मग नऊ की दहा यावर वाद घालत बसावं लागतं. आपल्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे फाटक्या कडेवर काय मोजणार?

एकदा दिव्याखाली पांढऱ्या कागदावर पन्नास पेलेट ओतून बघ. पेलेट कमरेत बारीक आणि मागे घेरदार असतो. तो मागचा घेर फार पातळ, डबी हातातून पडली तरी चेपतो. चेपलेल्या घेराचा पेलेट नळीत सारखा बसत नाही आणि शॉट भरकटतो. तसे निघतील ते टाकून न देता वेगळे ठेव, रायफल नुसती सुरू करून बघायला चालतात. बाकीच्यांत फार चिकित्सा करू नकोस. वजनकाटा आणून एकेक पेलेट तोलणारे महाभाग मी पाहिलेत. तेवढ्या वेळात त्यांचं होल्डिंग सुधारलं असतं.

खरी बचत डबी निवडण्यात आहे. ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत पेलेट येतात, आणि कुठल्या नळीला कुठला मानवेल हे नळीच सांगते. इंग्लंडात बर्मिंगहॅमला एलीच्या कारखान्यात मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, पॉइंट टू-टूच्या गोळ्यांचे एकामागून एक लॉट उडवून बघतात आणि पसंत पडेल तो लॉट वर्षभरासाठी उचलतात. आपण तेच छोट्या प्रमाणात करायचं. दोन-तीन प्रकारच्या डब्या, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवलेली, प्रत्येकाचे पाच-पाच शॉटचे चार-पाच ग्रुप. पुष्कळदा मधल्या किमतीचा पेलेट महागड्याच्या बरोबरीने बसतो. मग त्याच लॉट नंबरच्या डब्या रेंजवरच्या चार जणांनी मिळून मागवाव्यात, कुरियरचा खर्च वाटला जातो. फक्त तुमच्याकडचा पाऊस लक्षात ठेव. गगनबावड्याच्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते. झाकणाला चिकटपट्टी लाव आणि डब्या कपाटात ठेव, खिडकीत नको.

पॉइंट टू-टू रायफलचा विषय तू काढलास. माझं मत विचारशील तर इतक्यात नको. एअर रायफलला तुझ्या मापात परवाना लागत नाही. तिथे रायफलला परवाना, गोळ्या घ्यायला परवाना आणि किती घ्यायच्या यालाही मर्यादा. खोक्यात गोळ्या ५०, आणि थ्री पोझिशनची मॅच ६० गोळ्यांची, सायटर वेगळे. म्हणजे एका मॅचला दीड खोकं. अमेरिकेत हौशी लोक रिकाम्या पुंगळ्या परत भरून खर्च वाचवतात असं तू वाचलंस, पण ते मोठ्या काडतुसांचं. पॉइंट टू-टूची दारू पेटवणारा मसाला पुंगळीच्या काठातच असतो, एकदा पिन आदळली की काठ चेपला. ती पुन्हा भरता येत नाही. शिवाय अशी रायफल रिकामी उडवली तर पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटते, म्हणजे ड्राय फायरलाही खोटं काडतूस घालावं लागतं. हौस असेल तर क्लबच्या रायफलीवर, क्लबच्या गोळ्यांनी, वर्षातून चार-दोन वेळा मार. आणि कोणी बिनपावतीच्या स्वस्त गोळ्या देतो म्हणाला तर तिथून सरळ निघून ये. तो शस्त्र कायद्याखालचा गुन्हा आहे, नोकरी जाईल.

आता कर्ज काढून खेळण्याचं. तुझ्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे बघ. १ ऑगस्ट २०२४ ला ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनला ४५१.४ गुण करून त्याने कांस्य आणलं. वडिलांनी कर्ज काढून त्याला गोळ्या घेऊन दिल्या, हे तेव्हा सगळ्या पेपरांत आलं. त्याच्या आधी १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला धाडायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं होतं. खेळासाठी कर्ज काढायची आपल्याकडे अशी परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण ती पदकासाठीची कर्जं होती. तू रविवारी मन रमवायला येतेस, तेव्हा तुझ्या नेमबाजीचा एक रुपयाही हप्त्यावर असू नये. क्रेडिट कार्डावर नवीन शूटिंग जॅकेट घ्यायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाक. बँकेत बसून लोकांना कर्जाचे व्याजदर सांगतेस, तुला हे मी काय समजावणार!

काटकसर करायची नाही अशा जागाही आहेत. वापरलेला पेलेट वेचून पुन्हा भरायचा नाही, नळी खराब होते. पेलेट ओठांत धरायचा नाही, शिसं आहे ते. रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. आणि सिलिंडर तारखेबाहेर गेला की तो वापरायचा नाही, मग नवा कितीलाही येवो.

येत्या रविवारी तुझ्याकडच्या दोन्ही प्रकारच्या डब्या घेऊन ये. तिसरी माझ्याकडे आहे, वाळूची पिशवी आणि कोरी कार्डंही मी आणतो. सकाळची पहिली एसटी धर म्हणजे लेन मोकळी मिळेल. आक्काला सांग, हिशेब लागलाय.

तुझा
मामा