शटर कशानं उघडतं?

प्रश्न : मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेलो होतो. मेलबर्नच्या बोळांतली चित्रं पाहिली, तिथली गर्दी पाहिली. जावई म्हणाले, न्यूकॅसल नावाच्या गावात तर कलाकारांनी मेलेली बाजारपेठ जिवंत केली. आमच्या गावच्या मेन रोडवरही ओळीनं दुकानं बंद आहेत. त्यांच्या शटरवर हौशी मुलांकडून चित्रं काढून घेतली, फोटो छापून आले, शटर मात्र खालीच. तिकडच्या कलाकारांनी वेगळं काय केलं? आणि मालक लोक दुकान रिकामं ठेवतात, पण कमी भाड्यानं देत नाहीत, ते का?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. त्याचा गुंता सुटला की पहिल्याचं उत्तर आपोआप हाती येतं.

न्यूकॅसल हे सिडनीच्या उत्तरेचं कोळशाचं बंदर. 28 डिसेंबर 1989 ला तिथे भूकंप झाला, 13 माणसं गेली आणि शहराच्या मधल्या भागाला मोठा मार बसला. दहा वर्षांनी, 1999 मध्ये, बीएचपीचा पोलाद कारखाना बंद झाला. तो 1915 पासून चालू होता; घरटी कोणी ना कोणी तिथे कामाला, असा मामला. गिऱ्हाईक तर त्याआधीच गाडी काढून उपनगरातल्या मॉलकडे जायला लागलं होतं. हंटर स्ट्रीट हा गावचा मुख्य रस्ता ओस पडत गेला. 2008 मध्ये मार्कस वेस्टबरी यांनी गावातले दोन मुख्य रस्ते पायी पालथे घातले आणि रिकाम्या इमारती मोजल्या. आकडा दीडशेच्या आसपास गेला. वेस्टबरी मूळचे न्यूकॅसलचेच. तिथला 'धिस इज नॉट आर्ट' हा महोत्सव त्यांनी 1998 मध्ये सुरू केला होता आणि टीव्हीवर कलेबद्दलची मालिकाही केली होती.

इतक्या जागा रिकाम्या म्हटल्यावर भाडं कोसळायला हवं, असं आपलं साधं गणित. ते चुकतं, कारण व्यापारी इमारतीची किंमत तिच्या भाड्यावरून ठरते. समजा कागदावर एका दुकानाचं भाडं शंभर आहे आणि ते रिकामं आहे, तर मालक म्हणू शकतो, "गिऱ्हाईक यायचंय, आलं की शंभर मिळतील." तेच दुकान चाळीसला दिलं, की त्याची लायकी चाळीसची आहे हे त्यानं स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं. मग बँक इमारतीची किंमत कमी धरते, कर्जाला दिलेलं तारण तोकडं पडतं आणि शेजारचा जुना भाडेकरू दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, मलाही चाळीस करा. रिकाम्या दुकानाचा तोटा निदान करात दाखवता येतो. त्यातून तिथे दुकानाचा भाडेकरार सहसा पाच वर्षांचा. पुढेमागे इमारत पाडून नवी बांधायची म्हणून जो थांबलाय, तो एखाद्या कुंभारकाम करणाऱ्या पोरीला पाच वर्षं जागा कशाला देईल? आणि एजंट? इतक्या किरकोळ दलालीसाठी तो फोनसुद्धा उचलत नाही.

म्हणजे मालक वेडा नसतो. बंद शटर त्याला परवडतं, आणि झळ बसते ती रस्त्याला.

आता तुमचा पहिला प्रश्न. वेस्टबरी आणि त्यांच्या सोबत्यांनी 2008 च्या अखेरीस 'रिन्यू न्यूकॅसल' ही ना-नफा कंपनी काढली. भाडं कमी करा, असं त्यांनी मालकांना सांगितलंच नाही. ते म्हणाले, भाड्याचं नावच काढू नका, नुसती वापरायची परवानगी द्या. कायद्याच्या भाषेत भाडेपट्टा नको, लायसन्स द्या. मुदत तीस दिवसांची, दर महिन्याला पुढे सरकणारी. खरा भाडेकरू मिळाला किंवा इमारत पाडायची वेळ आली, तर महिनाभराची सूचना द्यायची आणि किल्ली परत घ्यायची.

हे वाचताना तुम्हाला ओळखीचं वाटलं असेल. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स न केलेला माणूस महाराष्ट्रात शोधावा लागेल. तत्त्व तेच : तुझा हक्क काही नाही, राहायला मोकळीक आहे. फरक इतकाच की आपण तो भाडं घेण्यासाठी करतो; तिथे तो भाडं न घेता केला. एकदा भाडं नाही म्हटल्यावर इमारतीची कागदावरची किंमत जागच्या जागी राहते. दुकान हिशेबात रिकामंच, डोळ्यांना मात्र उघडं.

मालकाची दुसरी धास्ती म्हणजे कोणी पडलं-झडलं तर? म्हणून सार्वजनिक दायित्वाचा विमा कंपनीनं स्वतःच्या नावावर काढला. या कामातला हा सगळ्यात रटाळ भाग आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. एकट्या चित्रकारानं तो विमा काढायचा म्हटलं असतं, तर पहिलं चित्र विकायच्या आत तो बुडाला असता. एका छत्राखाली सगळ्यांचं काम भागलं. कराराचा मसुदा एकदाच वकिलांकडून करून घेतला आणि तोच दुकानामागून दुकानाला वापरला.

प्रत्यक्षात चालायचं ते असं. अर्ज यायचे. नुसती "मला काहीतरी करायचंय" अशी इच्छा चालायची नाही. हातात काही घडत असलं पाहिजे. दागिने घडवणारे, कपडे शिवणारे, ॲनिमेशनवाले, फोटोग्राफर, छोटी मासिकं छापणारे अशी मंडळी आली. दुसरीकडून आणून विकायचं नाही, स्वतः केलेलं विकायचं. रस्त्यावर जो दुकानदार पैसे भरून टिकून आहे, त्याच्या पोटावर पाय येईल असा धंदा नको. ठरल्या वेळी दार उघडलंच पाहिजे. भिंत पाडायची नाही, न्हाणीघर हलवायचं नाही, कारण बांधकामाला हात लावला की बांधकाम नियमांची अख्खी फौज दारात उभी राहते. झाडू, रंगाचा डबा आणि दिवे, इतक्यावर भागवायचं. दुकान वापरणारा कंपनीला आठवड्याला थोडी रक्कम देई. मालकाला पैसा मिळत नसे. पण जागा झाडलेली राही, काचा फुटत नसत, आणि संध्याकाळी दिवा दिसला की एखादं खरं गिऱ्हाईकही डोकावे.

नशिबाचा वाटा होताच. जीपीटी नावाच्या मालमत्ता कंपनीनं हंटर स्ट्रीटच्या पादचारी भागातल्या बऱ्याच इमारती पुनर्विकासासाठी घेऊन ठेवल्या होत्या आणि ती योजना रखडली होती. एकाच मालकाला पटवलं की अनेक दुकानं मिळण्यासारखी. दहा वेगवेगळ्या वारसांच्या दहा सह्या गोळा करायला लागल्या असत्या, तर गोष्ट दुसरीच झाली असती. ती कशी, हे तुम्हाला मी सांगायला नको.

2009 च्या सुरुवातीपासून दुकानं उघडू लागली. लोन्ली प्लॅनेट या प्रवास-मार्गदर्शिकांच्या प्रकाशकानं 2011 साठी जगातली पाहण्याजोगी दहा शहरं निवडली, त्यात न्यूकॅसलचं नाव आलं आणि गावकरीच चक्रावले. त्याच वर्षी डेव्हिड जोन्स हे तिथलं जुनं मोठं दुकान बंद पडलं, तेव्हा त्याच्या तळमजल्यावरही या छोट्या कारागिरांची दुकानं मांडली गेली.

या सगळ्यातून मला पटलेली गोष्ट अशी की त्यांनी फसणं स्वस्त केलं. नेहमीच्या करारात दुकान चाललं नाही तर माणूस पाच वर्षांच्या भाड्यात अडकतो. इथे तो महिन्याभरात किल्ली ठेवून घरी जाऊ शकत होता. पुष्कळ जण गेलेही. काहींचं मात्र बस्तान बसलं आणि त्यांनी पुढे रीतसर भाडं भरून जागा घेतली. त्यात कलेचा वाटा किती आणि कराराचा किती, असं विचारलंत तर मी कराराकडे झुकेन. कलाकार पुढे आले, कारण कमी भांडवलात आणि गळक्या छपराखाली काम करायला तेच तयार होते. तिथे शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांना बसवलं असतं तरी रस्ता जागा झालाच असता.

आणि कलाकारांनी गाव तारलं, हे जावयांचं वाक्यही थोडं आखडतं घ्या. याच काळात विद्यापीठानं शहराच्या मध्यभागी मोठी इमारत उभारली, मध्य शहरात येणारी जुनी रेल्वे 2014 च्या डिसेंबरात तोडली गेली आणि 2019 मध्ये त्या भागात ट्राम सुरू झाली. बिल्डर परतले. रिकाम्या जागा कमी होत गेल्या, तशी उसन्या मिळणारी दुकानंही आटली. रिन्यू न्यूकॅसलनं 2019 मध्ये आपलं काम थांबवलं. डेव्हिड जोन्सच्या इमारतीत 2022 पासून पॉश हॉटेल आहे. ज्यांनी रस्ता उजळला त्यांनाच तिथलं भाडं परवडेना, ही तक्रार तिथेही ऐकू येते आणि ती खोटी नाही. पण तीस दिवसांची अट सही करतानाच डोळ्यांसमोर होती, हेही खरं.

मेलबर्नच्या बोळांची गोष्ट निराळी, थोडक्यात सांगतो. ते बोळ म्हणजे मुळात आपल्या मुंबईतल्या घरगल्ल्याच : मागच्या दारानं कचरा आणि मैला न्यायची वाट. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून दारूचे परवाने सोपे होत गेले, तेव्हा लहान जागेत लहान बार काढणं शक्य झालं. सिक्स डिग्रीज या वास्तुविशारदांच्या चमूनं 1994 मध्ये मायर्स प्लेस या बोळात जुन्यापान्या सामानातून असा बार थाटला, आणि मागून बरेच आले. 1992 पासून 'पोस्टकोड 3000' या योजनेनं महापालिकेनं रिकाम्या कचेऱ्यांमध्ये माणसं राहायला आणली. म्हणजे रात्री बोळात पावलं वाजू लागली. महापालिकेनं बोळांसाठी कलाकृती करून घ्यायला सुरुवात केली ती 2001 मध्ये. तुम्ही पाहिलेली चित्रं हा असा शेवटचा अंक. होझियर लेन या बोळात बँक्सी या गाजलेल्या भित्तिचित्रकारानं काढलेला एक उंदीर होता, तो 2010 मध्ये सफाईवाल्यांनी पुसूनही टाकला. महापालिका एका हातानं कलाकृती मागवते आणि दुसऱ्या हातानं पुसते. आपल्याला यात नवल वाटू नये.

आता आपल्याकडे. 2017 च्या अखेरीस मुंबईच्या ससून डॉकवर जुन्या गोदामांत कलाप्रदर्शन भरलं, लोक मासळीच्या वासातून वाट काढत रांगा लावून गेले. काळा घोड्याचा महोत्सव 1999 पासून चालू आहे. त्याच काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं नावाजलेलं दुकान 2016 मध्ये बंद झालं. पुढे ती जागा नीरव मोदी प्रकरणाच्या जप्तीत अडकली. इतका गजबजलेला कलामहोत्सव दर फेब्रुवारीत दाराशी भरत होता आणि दाराला कुलूप होतं. कुलपाची किल्ली कागदात होती, तिथे चित्रकार काय करणार!

आपल्या मालकांची भीतीही हवेतली नाही. 1973 मध्ये भाडेनियंत्रण कायद्यातल्या दुरुस्तीनं 1 फेब्रुवारी रोजी जागेत असलेले लायसन्सी एका फटक्यात संरक्षित भाडेकरू ठरले. ज्यांनी चार महिन्यांसाठी म्हणून किल्ली दिली होती, त्यांच्या नातवंडांनीही ती परत पाहिली नाही. आजचा कायदा वेगळा आहे, पण घराघरांतून ही गोष्ट अजून सांगितली जाते.

तेव्हा तुमच्या गावात कोणाला काही करायचं असेल, तर पालिकेच्या गाळ्यांपासून सुरुवात करू नका. तिथे लिलाव, अनामत आणि रेडी रेकनर आडवे येतील. ज्याच्या नावावर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड निर्विवाद आहे, असा एक खाजगी मालक गाठा, तोही शक्यतो दोन-तीन शेजारशेजारच्या दुकानांचा. करार व्यापारी संघटनेसारख्या एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या नावानं करा, म्हणजे कारागीर बदलले तरी मालकापुढे माणूस तोच राहील. तो नोंदवून घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे, आणि नोंदवलेला कागद पाहूनच मालकाला रात्री झोप लागते. विजेचं मीटर कोणाच्या नावावर आणि थकबाकी किती, हे किल्ली घेण्याआधी विचारा. बंद दुकानांची पुष्कळ बोलणी तिथेच मोडतात.