हळदीचा अर्क आणि पेशींची साक्ष

माहेर पोलादपूरचं, नोकरी पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत. हळदीचे अर्क माणसाच्या पेशींवर तपासता तपासता जे उमगत गेलं, ते असं.

१. परड्यातली हळद वेगळी, हळदीचा अर्क वेगळा. आमटीत चिमूटभर पडते. अर्कात तिच्यातलं कुर्कुमिन कितीतरी पटींनी एकवटलेलं असतं. 'आजी-पणजीपासून खातोय' हा हवाला चिमटीपुरताच. २०१९ साली इटलीत कुर्कुमिनच्या गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आल्याचं समोर आलं, तेव्हा हे मनात पक्कं बसलं.

२. पेशी नसलेल्या खणांचं मोल मोठं. ९६ खणांच्या प्लेटमध्ये एमटीटी हे पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, सूक्ष्मदर्शकाखाली सुयांसारखे दिसतात ते. जांभळा जितका गडद, तितक्या पेशी तगलेल्या. पण कुर्कुमिन मुळातच पिवळं, शिवाय पेशी नसतानाही ते एमटीटीचा रंग पालटू शकतं. म्हणून काही खणांत पेशींविना नुसता अर्क आणि एमटीटी ठेवायचं. खरं-खोटं तिथे कळतं.

३. संशय सगळ्यांवर घ्यावा. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला डीएमएसओ हे द्रावक लागतं. तेच जास्त झालं तर पेशी मरतात आणि आळ हळदीवर येतो. नुसत्या डीएमएसओचे खण शेजारी हवेतच.

४. पेशींनाही माणूस असतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या हेला पेशी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या गाठीतून घेतल्या, तिला न विचारता. चवदार तळ्याच्या महाडात शिकलेल्या मला ते 'न विचारता' फार बोचतं. प्लेट हाताळताना तिचं नाव आठवावं, एवढं तरी आपण करू शकतो.

५. प्लेटमधला विजय पोटात टिकेलच असं नाही. मात्रा वाढवत नेली तर मीठही कर्करोगाच्या पेशी मारतं. त्याच मात्रेत निरोगी पेशी तगतात का, हा खरा प्रश्न. प्लेटमधल्या पेशी दोन-दोन दिवस अर्कात बुडून असतात; खाल्लेल्या हळदीतलं कुर्कुमिन रक्तात जेमतेम पोचतं. गावी कुणी विचारतं, "बाय, हळदीनं गाठ जाईल का गं?" मी सांगते, हळद जेवणात राहू दे, पण गाठ आधी डॉक्टरांना दाखव. आपल्याच जिल्ह्यात खारघरला टाटाचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. अर्काच्या भरवशावर गेलेले महिने कुठलाच अर्क परत देत नाही.