ब्रायटनला राहायचं, तर किती पडतं?

मेलबर्नच्या किनाऱ्यावरच्या श्रीमंत उपनगराचा हिशोब: भाडं, खरेदी, शाळा आणि एका दिवसाची सहल

हेन्री डेंडी नावाच्या इंग्रजाने १८४१ साली मेलबर्नच्या दक्षिणेला समुद्रालगतची ५,१२० एकर जमीन एकरी १ पौंड दराने घेतली. त्याच जमिनीवर आज ब्रायटन उभं आहे. तिथल्या डेंडी स्ट्रीट पुळणीवरची एक लाकडी खोली, जिच्यात वीज नाही, नळ नाही आणि रात्री झोपायची परवानगीही नाही, लिलावात तीन लाख डॉलरच्या वर गेलेली आहे. डेंडीला ही तेजी लाभली नाही. चार-पाच वर्षांतच त्याचं दिवाळं निघालं.

मेलबर्नमध्ये भारतीयांची मोठी वस्ती पश्चिमेला टार्नीट, ट्रुगॅनिना, पॉइंट कुक आणि आग्नेयेला क्लेटन, डँडेनाँग या भागांत आहे. ब्रायटन त्या यादीत नाही. तरी नोकरीच्या निमित्ताने गेलेल्या कुटुंबाला हा भाग खुणावतो, आणि मुलाला शिकायला पाठवलेल्या पालकांना ‘तिथेच एखादा फ्लॅट घेऊन टाकू’ असंही वाटतं. या सगळ्यांनी आकडे एकदा नीट मांडून पाहावेत. इथे डॉलर म्हणजे ऑस्ट्रेलियन डॉलर. सोयीसाठी एक डॉलर ६० रुपये धरला आहे. भाडी आणि घरांच्या किमती ढोबळ आहेत. कर आणि नियम मात्र व्हिक्टोरिया राज्याच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या कायद्यांतले आहेत.

ठिकाण कोणतं, त्यावर किंमत

ब्रायटन शहराच्या मध्यापासून साधारण ११ किलोमीटरवर, पोर्ट फिलिप उपसागराच्या काठी आहे. कारभार बेसाइड काउन्सिलचा. सँडरिंगहॅम मार्गावरची गार्डनव्हेल, नॉर्थ ब्रायटन, मिडल ब्रायटन आणि ब्रायटन बीच ही स्टेशनं इथल्या रहिवाशांच्या कामाची. बाजारहाट मुख्यतः चर्च स्ट्रीट आणि बे स्ट्रीटवर.

समुद्राकडच्या रस्त्यांना दलाल ‘गोल्डन माइल’ म्हणतात; तिथले भाव वेगळ्याच पट्टीत चालतात. रेल्वेमार्ग ओलांडून आत गेलं की किंमत उतरते. आणखी पूर्वेला ब्रायटन ईस्ट लागतं, तिथे आणखी उतरते, पण तिथे स्टेशन नाही. जाहिरातीत नुसतं ‘ब्रायटन’ वाचून हुरळू नका. नकाशावर घरापासून स्टेशन किती मिनिटांवर आणि समुद्र किती मिनिटांवर, ते आधी मोजा.

भाड्याने घ्यायचं असेल तर

इथे भाडं आठवड्याचं सांगतात आणि बहुतेक वेळा महिन्याने घेतात. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. आठवड्याच्या भाड्याला चाराने गुणू नका. ५२ ने गुणून १२ ने भागा.

• दोन बेडरूमचा फ्लॅट: आठवड्याला साधारण ६०० ते ८०० डॉलर. ७०० धरले, तर महिन्याला ३,०३३ डॉलर, म्हणजे सुमारे १ लाख ८२ हजार रुपये.

• तीन-चार बेडरूमचं स्वतंत्र घर: आठवड्याला हजार डॉलरच्या वरच. १,५०० धरले, तर महिन्याला ६,५०० डॉलर, म्हणजे ३ लाख ९० हजार रुपये.

अनामत रकमेला इथे बॉण्ड म्हणतात. आठवड्याचं भाडं ९०० डॉलर किंवा त्याहून कमी असेल, तर एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त बॉण्ड मागता येत नाही. भाडं ९०० च्या वर गेलं की हे संरक्षण उरत नाही, आणि ब्रायटनमधली बहुतेक स्वतंत्र घरं या रेषेच्या वरच आहेत. बॉण्ड घरमालकाच्या खिशात राहत नाही. तो रेसिडेन्शियल टेनन्सीज बॉण्ड ऑथॉरिटी या सरकारी यंत्रणेकडे जमा करावा लागतो. जमा झाल्याची पावती तुमच्या नावाने आली की नाही, ते पाहा.

भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं आणि त्यासाठी ९० दिवसांची लेखी सूचना लागते. जाहिरातीत लिहिलेल्या भाड्यापेक्षा जास्त रक्कम स्वीकारायलाही आता बंदी आहे. त्यामुळे ‘थोडे वर द्या, घर तुमचं’ असं कोणी सुचवलं, तर ते बेकायदा आहे. तक्रारीसाठी कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया हे सरकारी खातं आहे.

घर पाहायला मिळतं ते ठरलेल्या वेळी, दहा-पंधरा मिनिटं, आणि सोबत इतर इच्छुकही असतात. पगाराच्या पावत्या, ओळखपत्र, व्हिसा आणि आधीच्या घरमालकाचं पत्र तयार ठेवा. नुकतेच भारतातून आला असाल, तर नोकरीचं नेमणूकपत्र आणि बँकेतली शिल्लक यांवर भिस्त ठेवावी लागते.

विकत घ्यायचं असेल तर

ब्रायटनमधल्या स्वतंत्र घराची मधली किंमत ३० लाख डॉलरच्या आसपास धरा. रुपयांत १८ कोटी. त्यावर काय काय चढतं, ते असं:

• मुद्रांक शुल्क: ९ लाख ६० हजार ते २० लाख डॉलरपर्यंतच्या घरावर संपूर्ण किमतीच्या ५.५ टक्के. त्यापुढे १ लाख १० हजार डॉलर, अधिक २० लाखांवरच्या रकमेच्या ६.५ टक्के. ३० लाखांच्या घरावर हे १ लाख ७५ हजार डॉलर होतात, म्हणजे १ कोटी ५ लाख रुपये. १० लाख डॉलरच्या फ्लॅटवर ५५ हजार डॉलर.

• पहिल्या घराची सवलत: ६ लाख डॉलरपर्यंत शुल्क माफ आणि साडेसात लाखांपर्यंत कमी. ब्रायटनमध्ये या किमतीला एखादा लहान फ्लॅट मिळाला तर मिळाला.

• स्वतःचे पैसे: कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त घेतलं, तर बँक सहसा विम्याचा हप्ता लावते. तो टाळायचा, तर ३० लाखांच्या घरासाठी ६ लाख डॉलर हाताशी हवेत. मुद्रांक शुल्क धरून पावणेआठ लाख.

• कागदपत्रं पाहणारा कन्व्हेयन्सर किंवा वकील आणि घराची तांत्रिक तपासणी: मिळून काही हजार डॉलर. या खर्चात काटकसर करू नका.

चांगली घरं बहुधा शनिवारी, घरासमोरच्या रस्त्यावर लिलावाने विकली जातात. लिलावात बोली लागली की माघार नाही. खाजगी व्यवहारात मात्र कामकाजाचे तीन दिवस विचार बदलायला मिळतात, आणि माघार घेतली तर किमतीच्या ०.२ टक्के रक्कम जाते. लिलावाच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन कामकाजाच्या दिवसांत केलेल्या खाजगी सौद्यालाही ही सवलत नाही. म्हणून विक्रेत्याने द्यायचं ‘सेक्शन ३२’ हे निवेदन वकिलाकडून वाचून घेणं, घराची तपासणी आणि कर्जाची मंजुरी ही तीनही कामं शनिवारच्या आधी उरका. दलालाने दिलेल्या किमतीच्या पट्ट्यावर विसंबू नका. त्याच गल्लीत अलीकडे विकलेल्या तीन घरांचे भाव पाहा.

भारतातून पैसे पाठवणाऱ्या पालकांसाठी

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी. १ एप्रिल २०२५ पासून परदेशी व्यक्तींना ऑस्ट्रेलियात जुनं, म्हणजे आधी वापरलेलं घर विकत घ्यायला बंदी आहे. ती ३१ मार्च २०२७ पर्यंत जाहीर झाली होती. पुढचा निर्णय ताज्या आदेशात पाहा. विद्यार्थी व्हिसावरची आणि तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरची माणसंही यात येतात. मुलगा तिथे शिकतो म्हणून पुण्यातून त्याच्या नावावर जुना फ्लॅट घेता येणार नाही.

नव्या बांधकामाला सरकारी मंजुरी घेऊन परवानगी मिळू शकते. पण अर्जाची फी वेगळी, आणि नेहमीच्या मुद्रांक शुल्कावर परदेशी खरेदीदाराचं ८ टक्के जादा शुल्क. १० लाख डॉलरच्या फ्लॅटवर हे ८० हजार डॉलर झाले, म्हणजे ४८ लाख रुपये. ‘सगळं जमवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला या दोन रकमा कागदावर लिहून मागा.

आपल्याकडची बाजूही पाहा. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंतच बाहेर पाठवता येतात. मालमत्तेसाठी पाठवलेल्या १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस कापला जातो. तो प्राप्तिकरात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

घेतलं, आता सांभाळायचं

काउन्सिलचा कर घराच्या एकूण किमतीवर ठरतो. स्वतः राहत असाल, तर जमीन कर नाही. भाड्याने दिलं, तर आहे, आणि तो जमिनीच्या ५० हजार डॉलर किमतीपासूनच सुरू होतो. २० लाख डॉलर किमतीच्या जमिनीवर वर्षाला १५ हजार डॉलरच्या वर जातो. घर वर्षातले सहा महिन्यांहून जास्त रिकामं ठेवलं, तर पहिल्या वर्षी त्याच्या एकूण किमतीच्या १ टक्का कर वेगळा, आणि पुढच्या वर्षांत तो वाढतो. कुलूप लावून भाव वाढण्याची वाट पाहण्याची आपली सवय इथे महाग पडते.

शाळा: ब्रायटन ग्रामर ही १८८२ सालची मुलांची खाजगी शाळा. फर्बँक ग्रामर १९०९ सालची; तिचा माध्यमिक विभाग मुलींचा आहे. वरच्या वर्गांची वार्षिक फी ४० हजार डॉलरच्या आसपास धरा. दोन मुलं असतील, तर ४८ लाख रुपये. सरकारी शाळेत प्रवेश राहत्या पत्त्यावरून ठरतो. नागरिक आणि कायम रहिवासी यांच्या मुलांना तिथे शिक्षण फुकट आहे. तात्पुरत्या व्हिसावर फी लागते की नाही, ते व्हिसाचा प्रकार सांगून शिक्षण खात्याकडे आधीच विचारा.

आजारपण: मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा असला, तरी व्हिक्टोरियात रुग्णवाहिका सर्वांना फुकट नाही. एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. अँब्युलन्स व्हिक्टोरियाचं कौटुंबिक सभासदत्व वर्षाला शंभर डॉलरच्या आसपास आहे. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात घ्या. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही. भेटीला येणाऱ्या आई-वडिलांचा खाजगी विमा निघण्यापूर्वीच उतरवा.

प्रवास: मिडल ब्रायटनहून फ्लिंडर्स स्ट्रीटला आगगाडीने साधारण २५ मिनिटं. २०२५ च्या दराने दोन तासांचं तिकीट ५.५० डॉलर होतं, दिवसभराचं ११. १ जानेवारी २०२६ पासून १८ वर्षांखालच्यांना प्रवास मोफत आहे, पण त्यासाठी यूथ मायकी कार्ड काढावं लागतं.

किराणा: पोहे, भाजणी, गोडा मसाला यांसाठी डँडेनाँगच्या फॉस्टर स्ट्रीटवरच्या लिटल इंडियाला गाडीनेच जावं. महिन्याचं सामान एकदम आणलं, की पेट्रोलचा खर्च वसूल होतो. कॅरम डाउन्सचं शिवविष्णू मंदिरही त्याच दिशेला आहे. दोन्ही कामं एका रविवारी होतात.

नुसतं पाहायला जायचं असेल तर

ब्रायटन बीच किंवा मिडल ब्रायटन स्टेशनवर उतरा आणि किनाऱ्याच्या पायवाटेने डेंडी स्ट्रीट पुळणीला चालत जा. रंगीत लाकडी खोल्यांसमोर उभं राहून फोटो काढायला पैसे पडत नाहीत. त्या खाजगी आहेत. पायऱ्यांवर बसू नका. या खोल्या घ्यायचा हक्क बेसाइड काउन्सिलच्या हद्दीत राहणाऱ्यांनाच आहे आणि खालची जमीन सरकारचीच राहते.

पोहायचं असेल, तर मिडल ब्रायटन बाथ्सचं समुद्रातलं कुंपणबंद पोहण्याचं ठिकाण आहे. मूळचं १८८१ चं हे बांधकाम वादळात मोडल्यावर १९३६ मध्ये पुन्हा उभं राहिलं. तिथे प्रवेश फी आहे. शेजारची पुळण फुकट आहे. गाडी नेली, तर किनाऱ्यालगत पार्किंगचे पैसे भरावे लागतात. कॉफी ५ ते ६ डॉलर. डबा घरून नेला, तर मोठ्या माणसाचा दिवस तिकिटाच्या पैशांत होतो. उन्हाळ्यात टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका. इथलं ऊन मुंबईपेक्षा कमी तापवतं, पण कातडी भाजतं.

मग कोणी राहावं?

भाडं हाती येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशात बसत असेल, तरच ब्रायटनचा विचार करा. ७०० डॉलरच्या फ्लॅटसाठी घरात आठवड्याला २,१०० डॉलर हातात यायला हवेत. तेवढे येत नसतील, तर बेंटली, हायेट, चेल्टनहॅम पाहा. तिथे आगगाडी आहे, भाडं ब्रायटनपेक्षा कमी आहे आणि समुद्र काही किलोमीटरवर आहे.

ब्रायटनमधल्या चांगल्या गोष्टींपैकी पुळण, पायवाट आणि उपसागरावरचा वारा सर्वांना मोफत आहे. जादा पैसे जातात ते पत्त्याचे आणि चालत शाळेला जाण्याच्या सोयीचे. ती सोय तुम्हाला रोज लागणार असेल, तर आधी वर्षभर भाड्याने राहून बघा. विकत घेण्याचा निर्णय त्यानंतर घ्या, आणि सही करण्याआधी मुद्रांक शुल्काचा व परदेशी खरेदीचा त्या दिवशीचा नियम वकिलाकडून लेखी घ्या.